डायलचं कुलूप

सांगलीच्या हळदपेठेत जयपालचं दुकान, अन् दुकानाच्या पाठीमागंच घर. फोन एकच, तोही दुकानात. वाजला तर उचलायला कुणालाच मनाई नव्हती. लावायचा मात्र फक्त जयपालनं. डायलच्या एका भोकात त्यानं एवढंसं पितळी कुलूप अडकवलेलं, किल्ली करदोट्याला.

दुपारी पेठ जेवायला पांगली, की चंदनबाला आतून हळूच यायची. जयपालची ती वहिनी. थोरला भाऊ गेल्या चातुर्मासात गेला. रिसीव्हरवर बसलेली हळद पदरानं पुसायची, अन् कानाला लावायची. आत एकसुरी घूंऽऽ. लांब कुठंतरी जातं फिरत असावं तशी. त्या सुरात सूर मिसळून ती ओठांतल्या ओठांत म्हणायची,

भरल्या पेठेमंदी, हळद पिवळी तोलली
माज्या जिवाची गोठ बाई, कुनापाशी न खोलली

पलीकडून कुणी 'मग पुढं?' म्हणत नसे. पण 'पुरे' असंही म्हणत नसे. घरात एवढं ऐकून घेणारं दुसरं होतं कोण?

एके दिवशी जयपाल भडकलाच.

"जोतीराम, खरं सांग! दुपारचा फोन कोण लावतंय? इस्लामपूरचा व्यापारी बोंबलतोय, कवाबी लावा, तुमचा फोन एंगेज!"

जोतीराम हमाल. दुपारी दुकानात पोत्यांवर झोपायचा तो एकटाच. "आवं मालक, मला कोन हाय फोन लावायला? माजी म्हस काय हॅलो म्हनंल?"

"दात काढू नगंस! कुलूप खोलायची कायतरी युक्ती हाय तुज्याकडं. उद्यापासनं येऊ नगंस कामाला."

जोतीरामचं हसू जागच्या जागी विरलं.

दाराआड चंदनबालानं ते ऐकलं. बोलावं तर तेवढा एक सूर जाणार. न बोलावं तर या माणसाची भाकरी. ती उंबऱ्यावर आली.

"भावजी, त्येला बोलू नगा. मी उचलती फोन."

"वैनी, तुमी? कुलूप असताना लावता कुणाला?"

"कुणाला न्हाई. ऐकत बसती नुसती."

"काय ऐकता?"

"त्यो आत वाजतोय न्हवं, ते."

जयपाल जोतीरामला म्हणाला, "जा रं, पोती लाव." करदोट्याची किल्ली सोडून त्यानं कुलूप काढलं, फोन तिच्याकडं सरकवला.

"लावा वैनी. बिनघोर लावा. साताऱ्याला भावाला बोलता? ट्रंक कॉल लावून देतो."

"दादाच्या घरात कुठला फोन?"

"मग हितं गावात कुणाला. कुणालाबी."

तिनं भोकात बोट घातलं. पहिल्यांदाच. पितळेच्या घर्षणानं तिथली कड गुळगुळीत झाली होती. बोट तिथंच राहिलं. तिला पाठ असलेला नंबर एकच होता, अन् तो याच फोनचा.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, "गिऱ्हाइकाचा फोन यील," अन् तिनं रिसीव्हर जाग्यावर ठेवला.