ओरेस्टनं बसवलेला नाच

ओरेस्टला जाऊन चाळीस दिवस झाले, चर्चमध्ये प्रार्थना झाली, आणि जेवणं आटोपताच त्याच्या लेकीनं, ओरिस्यानं, सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पुढच्या महिन्यात बाबांचा जुना नाच पुन्हा उभा करायचा. अगदी जसाच्या तसा. एक टाच इकडची तिकडे झालेली चालणार नाही म्हणाली, आणि ती म्हणाली म्हणजे खरंच चालणार नव्हतं. पंचावन्न वर्षांची बाई, त्यातली तीस वर्षं पोरांना युक्रेनी नाच शिकवण्यात गेलेली. गावातले चांगले बाप्ये तिला टरकून असायचे.

बाप अगदी उलट. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या टीचभर गावात तो दिवसभर धान्याच्या कोठारावर राबायचा आणि मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी अंगावरचा भुसा तसाच घेऊन नाच शिकवायला चर्चच्या तळघरात हजर. पोरांची आजारपणं त्यानं काढली, बायकोच्या बरोबरीनं भांडी घासली, आणि त्यानं कुणावर आवाज चढवल्याचं कुणाला आठवत नाही. नाच म्हटला की मात्र त्याला तहानभूक सुचायची नाही. पन्नास वर्षं हे असंच चाललं. कागदावर त्यानं एक ओळ लिहून ठेवली नाही, आणि घोळ झाला तो तिथंच.

तिला धरून जुन्या नाचणाऱ्यांपैकी अकरा जण जमले. सगळे साठीच्या आसपासचे, पोटं सुटलेले, पण बूट घातल्यावर चेहरे उजळले. सुरुवात झकास झाली. शेवटच्या भागात सगळे एका तालावर खाली बसून उड्या मारत पाय फेकतात, तिथं आले आणि अकरा जणांनी अकरा तऱ्हा केल्या.

ओरिस्या कायम पहिल्या रांगेत नाचलेली. मागं काय चालतं हे तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं नाच थांबवला आणि एकेकाला विचारलं. स्लाव्का म्हणाली, ओरेस्टनं मला हेच शिकवलं. पाठोपाठ बाकीचेही तेच म्हणाले. मग एकेक जण तिला बाजूला घेऊन हळूच सांगायला लागला, की खरी पद्धत माझीच बरं का, बाकीच्यांना ती जमत नव्हती; पण ओरेस्ट म्हणाला होता, कुणाला बोलू नकोस, त्यांना वाईट वाटेल. दहा जणांनी हे तिला दहा वेळा सांगितलं. ओरिस्याचं डोकंच फिरलं.

त्यात इल्कोचं तर काही विचारूच नका. सगळे खाली बसून पाय फेकतायत आणि हा आपला अर्धवट वाकून टाळ्या वाजवतोय. चार तालमी तिनं कळ काढली. गुरुवारी मात्र सगळ्यांदेखत म्हणाली, "इल्को, तू रविवारी कार्यक्रमाला समोर बसून बघ. बाबांच्या नाचाचं वाटोळं मला करायचं नाही."

इल्कोनं बाकावर बसून बूट काढले, पिशवीत घातले आणि निघून गेला.

शुक्रवारी ती आईकडे गेली. आई रविवारच्या जेवणासाठी कोबीच्या पानांत भात भरत बसली होती. ओरिस्यानं तक्रारींचा पाढा वाचला. इल्कोचं नाव आलं तसा आईचा हात थांबला.

"त्याला काढलंस? अगं, नऊ वर्षांचा असताना त्याचा पाय ट्रॅक्टरखाली गेला होता. चालताना कळत नाही, पण गुडघा पुरता वाकतच नाही त्याचा. तुझे बाबा स्वतःच्या गुडघ्याला फळी बांधून आठवडाभर गॅरेजमध्ये नाचून बघत होते, की वाकल्याशिवाय काय करता येईल. दोनदा आपटले. त्यातून निघालं ते."

"आणि बाकीच्यांचं?"

"ज्याला जे झेपेल ते. स्लाव्काला दम लागायचा. कुणाकुणाचं सांगू?"

ओरिस्या म्हणाली, म्हणजे खरा नाच काय तो आता माझ्याकडेच उरला. आईनं एक पान उचललं, गुंडाळलं, ठेवलं. दुसरं उचललं.

"आई?"

"तू सहा वर्षांची होतीस. कानाचं काहीतरी होतं तुझं. उजवीकडे गिरकी घेतलीस की धाडकन पडायचीस आणि रडायचीस."

"पण आपल्या नाचात तर डावीकडे फिरतात."

"सगळ्या पोरी उजवीकडेच फिरायच्या गं. तुझ्यासाठी बाबांनी सगळ्यांना डावीकडे वळवलं. महिना गेला त्यात. दोघींच्या आया तर भांडायला घरी आल्या होत्या."

तीस वर्षं ओरिस्या पोरींना सांगत आली होती, की डावी गिरकी ही आपल्या पूर्वजांच्या गावची खूण आहे. उजवीकडे फिरलेल्या पोरींना तिनं झापलं होतं, दोघीतिघींना रडवलंही होतं. तिला बापाचा राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. "मला का नाही सांगितलं?" एवढंच ती म्हणाली. आई म्हणाली, त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तिथून ती थेट इल्कोच्या दारात गेली. माफी मागायची तिला सवय नव्हती. "चुकलं माझं. रविवारी बूट घेऊन ये," म्हणाली. त्यानं जरा भाव खाल्ला, चहा पाजला आणि येतो म्हणाला.

रविवारी अकरा जण अकरा तऱ्हांनी नाचले. हॉल भरलेला होता. टाळ्या पडल्या, काही बायका रडल्या. जेवणाच्या रांगेत शहरातून आलेले नाचाचे एक नावाजलेले शिक्षक ओरिस्यापाशी थांबले. शेवटच्या भागाबद्दल त्यांनी सभ्यपणे काहीच विचारलं नाही. "तुमच्या बायका डावीकडे फिरतात," ते म्हणाले. "मी कुठंच पाहिलं नाही असं. कुठल्या गावची पद्धत ही?"

उत्तर तिच्या तोंडात तयार होतं. तीस वर्षांचं पाठ.

"गावाचं काही नाही हो," ती म्हणाली. "मला उजवीकडे फिरता येत नव्हतं."