बुदान फिल्मचा न पाडणारा घोडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी घोडा आहे. खेळण्यातला नाही हं, सिनेमातला. मला मान आहे, पाठ आहे, खऱ्या केसांची आयाळ आहे, शेपूटही आहे. पाय मात्र कधीच नव्हते. पाय चित्रात दिसत नाहीत, मग लाकूड कशाला घालवा, असं आमच्या मालकांचं म्हणणं पडलं.

नारीन गावात लोकरबाजाराच्या मागे एक गोदाम होतं. त्याच्या दारावर 'बुदान फिल्म' अशी पाटी होती. बुदान म्हणजे कितीही पळवा, दमणार नाही असा घोडा. संस्थेकडे असा घोडा सोडाच, लंगडं गाढवसुद्धा नव्हतं. मालक आणि दिग्दर्शक एकच, ओमुरकुल बायके. लहानमोठे सगळेच त्यांना बायके, म्हणजे दादा म्हणायचे. ते म्हणायचे, "खरा घोडा सुट्टीच्या दिवशीपण खातो. हा बघा, कसा गुणाचा!"

मला बनवलं एका पाळणे करणाऱ्या सुताराने. त्याने जन्मभर पाळणेच केले होते, म्हणून माझ्या खालीही त्याने पाळण्याच्याच वळणाची लाकडं ठोकली. पहिल्याच दिवशी नायक शत्रूचा पाठलाग करता करता माझ्या पाठीवर घोरायला लागला. बायके चिडले नाहीत. "चालेल, तो जखमी आहे असं दाखवू," म्हणाले.

तो नायक म्हणजे सुयुनबाय. उंच, देखणा, आवाज असा की दरी घुमावी. त्याच्यात एकच खोट होती. त्याला घोड्यावर बसता यायचं नाही. तो भट्टीवाल्याचा मुलगा, रेल्वेच्या गावात वाढलेला. आमच्याकडे पोर चालायला लागायच्या आधी घोड्यावर बसतं, आणि हा आमच्या डोंगरांचा सगळ्यात मोठा घोडेस्वार! ही गोष्ट बाहेर फुटली असती, तर लोकांनी त्याला हसून हसून गावाबाहेर काढलं असतं आणि आमच्या गोदामाला कुलूप लागलं असतं. म्हणून ती तिघांनाच ठाऊक होती. बायकेंना, सायकाल एझेला आणि मला. बाकीच्यांना सांगितलं होतं की विम्यामुळे सुयुनबाय शूटिंगला खऱ्या घोड्यावर बसत नाही. सायकाल एझे कपडे शिवायची. एझे म्हणजे ताई. शूटिंगच्या वेळी ती माझ्या मागे पालथी पडून दोरीने शेपूट हलवायची.

चित्रपट मात्र आम्ही धडाक्याने काढले. 'खिंडीतला वारा'मध्ये बर्फ म्हणून गव्हाचं पीठ उधळलं, तर ऐन लढाईत शेजारच्या मेंढ्या आत घुसल्या आणि रणांगण चाटून गेल्या. 'सात भावांचा सूड'मध्ये नट पाचच मिळाले. त्यामुळे दोन भाऊ शेवटपर्यंत पाणी आणायला गेलेले आहेत. माझ्या मागे डोंगर रंगवलेलं लांबलचक कापड दोन गडी गुंडाळत न्यायचे. एकदा त्यांनी ते उलटं फिरवलं आणि नायक युद्धावर निघाला तो मागे मागे घराकडे आला. बायके म्हणाले, "राहू दे. त्याला आईची आठवण आली."

लांबून दिसणारा स्वार सुयुनबायची टोपी घातलेला एक गुराखी असायचा, अंगाने चांगला भरलेला. त्यामुळे आमचा नायक लांबून जाड दिसे आणि जवळून बारीक. लोक म्हणत, "घोड्यावर बसलं की मर्द माणूस फुगतोच."

मित्रांनो, लोकांचं फार प्रेम होतं त्याच्यावर. बाजारात म्हातारे त्याचा हात धरून विचारायचे, "बाळा, लगाम इतका हलका कसा धरतोस रे?" तो हसायचा आणि गोदामात येऊन माझ्या मानेवर कपाळ टेकून बसायचा.

एकदा तो बायकेंना म्हणाला, "एक उन्हाळा द्या मला. वरच्या कुरणात जातो, मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी. शिकून येतो."

"आणि पडलास म्हणजे? नाक फुटलं तर 'खिंडीतला वारा'चा दुसरा भाग कुणाच्या नाकावर काढू?"

"पडल्याशिवाय कुणाला येतं का, बायके?"

"तुला पडायची गरजच काय? या घोड्याने आजवर कुणाला पाडलेलं नाही!" बायकेंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

सायकाल एझे सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "जाऊ द्या की त्याला. पोर आतल्या आत सुकतंय."

"एझे, तू शेपूट सांभाळ."

तो उन्हाळा गेला. पुढचेही गेले. दर वेळी एक चित्रपट मध्ये यायचा.

मग एका वर्षी घोड्यांच्या शर्यतींची जत्रा भरली. बायके आम्हा सगळ्यांना घेऊन गेले. तिथे खऱ्या गर्दीचं चित्रण फुकटात मिळणार होतं ना! मला ट्रकमध्ये ताडपत्रीखाली झाकलं होतं. ताडपत्रीला भोक होतं, त्यातून मला सगळं दिसलं.

शर्यती संपल्यावर म्हातारे पुढे आले. सगळ्यात पुढे एसेनामान अता. अता म्हणजे आजोबा. त्या खोऱ्यात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आमच्याकडे फार मोठ्या माणसाचा मान करायचा, तर त्याला अंगरखा आणि घोडा देतात. अतांनी सुयुनबायच्या अंगावर मखमली अंगरखा घातला आणि एक तांबडा घोडा पुढे आणला. काय जनावर होतं! मी लाकडाचा, पण माझ्याही अंगावर काटा आला.

"सगळ्या खोऱ्याने मिळून घेतलाय," अता म्हणाले. "बस बाळा. दिलेल्या घोड्यावर देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत बसायचं असतं. आमचे डोळे निवू देत."

सुयुनबायचा चेहरा त्या पिठाच्या बर्फासारखा झाला.

सायकाल एझे त्याच्या कानाशी लागली. "पोटात कळ आली म्हण. मी धरते तुला."

"एझे, मानाचा घोडा आहे. नाही म्हटलं तर म्हातारा खचेल."

बायके दुसऱ्या कानाशी लागले. "बस. कॅमेरा चालू केलाय."

तो बसला, पण उजव्या बाजूने. माझ्या डाव्या अंगाला कायम कॅमेरा असायचा, म्हणून बिचारा माझ्यावर नेहमी उजवीकडून चढायचा. खऱ्या घोड्यावर उजवीकडून कुणी चढतं का? तांबडा दचकला. गर्दीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "बघ बघ, उस्ताद लोक उलटीकडूनपण चढतात!" तेवढ्यात घोडा उधळला.

मी बघत होतो. टोपी उडाली. लगाम सुटला. त्याने दोन्ही हातांनी आयाळ धरली आणि तो पोत्यासारखा आदळत गेला. तंबू मागे टाकले, ओढा ओलांडला. लोक ओरडत होते, "वा रे पठ्ठ्या!" बाया शुभ म्हणून भाकरीचे तुकडे उधळत होत्या. घोडा टेकडी चढून पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. सगळ्या जत्रेत टेकडीकडे पळत सुटलेली एकटी सायकाल एझे होती.

पलीकडच्या उतारावर तो एझेला पडलेला सापडला. खुब्याचं हाड मोडलं होतं. लोकांना कळायच्या आत त्याला ट्रकमध्ये आणून माझ्या शेजारी झोपवलं. वेदनेने घामाघूम झालेला, पण मित्रांनो, त्याच्या तोंडावर असं हसू मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"एझे, मी बसलो. ओढ्याच्या पलीकडपर्यंत बसलो होतो मी!"

"बसलास रे राजा," एझे म्हणाली आणि पदराने त्याचं तोंड पुसता पुसता आपलंच पुसत बसली.

पाय पुन्हा सरळ झाला नाही. तो कुबडी घेऊन चालायला लागला. माझ्यावरही त्याला बसता येईना. तो तांबडा घोडा दवाखान्याच्या खर्चात गेला, म्हणजे विकला गेला. बायकेंनी जुने तुकडे आणि जत्रेतली ती दौड जोडून एक नवा चित्रपट बनवला. नाव ठेवलं 'एकट्याची दौड'. ते सगळ्यांना सांगत, "आमच्या नायकाची खरी दौड, बिनखोटी!" संस्थेकडे उरलेलं सगळं त्यांनी त्यात घातलं. आणि मला नवं काम मिळालं. माझ्या पाठीत खिळे ठोकून त्यावर सिनेमा दाखवायचं यंत्र बसवलं. खेळ ट्रकमधून व्हायचे, टेबल घ्यायला पैसे कुठे होते?

पहिला खेळ त्याच खोऱ्यात, वरच्या कुरणात ठेवला. समोर पडदा ताणला. सगळं खोरं गवतावर येऊन बसलं, एसेनामान अता पहिल्या रांगेत. सुयुनबाय ट्रकमध्ये माझ्या मागे अंधारात बसला होता. बायकेंचा हुकूम होता, लोकांना कुबडी दिसता कामा नये.

ती दौड आली. पडद्यावर एक घाबरलेला माणूस तोंड वासून, आयाळ घट्ट पकडून आदळत चालला होता.

मग कुणीतरी फस्सकन हसलं.

"हा कोण रे? पोतं बांधलंय का घोड्यावर?"

"ए बायके, सुयुनबायला सुट्टी दिलीत वाटतं! हा भाडोत्री कुठून आणला?"

"लाज नाही वाटत का आम्हाला फसवायला?"

शेवटी एसेनामान अता काठी टेकत उभे राहिले. आता म्हातारा खरं सांगेल, असं मला वाटलं. त्याने तर ते डोळ्यांनी बघितलं होतं.

"मी स्वतः तिथे होतो," अता म्हणाले. "सुयुनबाय बाणासारखा गेला होता. हा तो नव्हेच."

एझेने सुयुनबायचा खांदा हलवला. "ऊठ. सांग त्यांना, मीच आहे तो म्हणून. दाखव ती कुबडी!"

तो पडद्याकडेच बघत होता. मग हळूच म्हणाला, "त्यांचा सुयुनबाय छान बसतो, एझे. राहू दे त्यांच्याजवळ."

"आणि तू?"

त्याचा हात माझ्या मानेवर आला. थंडगार होता.

दुसऱ्या दिवशी त्यानेच बायकेंना सांगितलं, ती दौड कापा म्हणून. बायकेंनी कात्री चालवली आणि तिथे माझी जुनी दृश्यं चिकटवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण फसवाफसवीचा बोभाटा खोऱ्याखोऱ्यांत झाला होता. गर्दी आटली आणि बुदान फिल्मला कुलूप लागलं. सुयुनबाय बापाच्या भट्टीवर परत गेला. दुसऱ्याच हिवाळ्यात छातीत कफ भरून तो गेला. त्याला पोचवताना लोकांनी त्याच्या घोडेस्वारीचंच गुणगान केलं, असं एझे मला सांगत होती. सांगताना हसत होती का रडत होती, ते कळत नव्हतं.

कापलेली फीत बायकेंनी कचऱ्यात टाकली होती. एझेने ती गुपचूप उचलली, माझ्या पोटाची फळी काढून आत ठेवली आणि वर कापूस दाबून फळी शिवल्यासारखी नीट बसवली. आता एझेही नाही. मी गोदामाच्या अंगणात पडून आहे. एक डोळा निखळलाय, आयाळीचं घरटं कोंबड्यांनी केलंय. हिवाळा जवळ आला की लोक माझ्याकडे सरपण म्हणून बघतात.

मित्रांनो, खुशाल जाळा मला. जुन्या लाकडाचं दुसरं काय करणार? पण आधी माझं पोट उघडा. आत एक माणूस आहे, आयुष्यात एकदाच खऱ्या घोड्यावर बसलेला. त्याला उजेडात धरून बघा. मोठ्यांना दाखवू नका, ते म्हणतील हा तो नव्हे. कालच घोड्यावरून पडून ज्यांचे गुडघे फुटलेत, अशा पोरांना दाखवा. ती बरोबर ओळखतील त्याला.