झालं का तुझं?

“अगला स्टेशन वैशाली है,” ही घोषणा कानावर पडली तेव्हा फोनवरच्या खेळात सुनीतीची एकच चाल उरली होती. तीन संत्री एका ओळीत आली की पातळी पार. बोट संत्र्यावर टेकलं आणि तेव्हाच तिच्या लक्षात आलं, की आपल्याला वैशालीला नव्हे, नोएडाला जायचं होतं.

यमुना बँकेपाशी मेट्रोला दोन फाटे फुटतात, हे दिल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. एक नोएडाला, दुसरा गाझियाबादकडे वैशालीला. गाडीवरची पाटी वाचून चढायचं, एवढंच काम. सरकारी नोकरीत एकही कागद न वाचता जिनं पुढे सरकवला नाही, ती बाई आज खाली मान घालून भलत्याच गाडीत चढली होती. आणि एवढं करून संत्र्यांनीही दगा दिला. एका चालीनं डाव गेला.

हा खेळ तिला मुलाच्या, चिन्मयच्या टॅबवर सापडला होता. आधी ती त्यालाच त्यावरून रागावायची. मग एकदा सहज खेळून पाहिला, पुरती नादी लागली आणि स्वतःच्या फोनवरही घेतला. कार्यालयात फाइल महिनोन्महिने हलत नाही. इथे तीन फळं जुळली की फट्‌दिशी नाहीशी होतात, टुंग असा आवाज येतो आणि पडद्यावर ‘वा, छान!’ उमटतं. घरात तिला कोण छान म्हणत होतं? हरायचं तेही असं थोडक्यात, की सोडवत नाही. जिंकलं तर पुढची पातळी आपोआप समोर येते. उठायचं कधी, ते मात्र तो खेळ कधी सांगत नाही.

वैशालीला आलोच आहोत तर बाबांना भेटून जावं, असं तिनं ठरवलं. आई गेल्यापासून दत्तात्रयराव इथल्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. भेटी कमी झाल्या होत्या, पण रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. सुनीती तो स्पीकरवर टाकून शेजारी ठेवायची आणि टॅब मांडीवर घ्यायची. ते बोलत राहायचे, ही मधूनमधून हं म्हणायची.

बाबांनी दार उघडलं. “अगं, तू? आज कशी काय?”

“आले सहजच,” ती म्हणाली आणि आत पाऊल टाकताच थबकली. दिवाणखान्यात खोकी रचली होती. कपाट रिकामं होतं. आईचा फोटो चादरीत गुंडाळून खुर्चीवर ठेवलेला होता.

“बाबा, हे काय?”

“काय म्हणजे? रविवारी गाडी आहे ना इंदूरची. लतिकाकडे.” लतिका म्हणजे त्यांची धाकटी बहीण. “तीही एकटी, मीही एकटा. आता तिकडेच राहायचं. तुला विचारलं होतं की. तू हं म्हणालीस.” ते हसले. “मी सरकारी माणूस, बेटा. तुझी मंजुरी घेतल्याशिवाय कागद हलवेन का?”

 तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. आठवत होती ती त्या दिवसांतली एक अवघड पातळी, कलिंगडांची.

पाणी पिण्याच्या निमित्तानं ती स्वयंपाकघरात गेली. गप्प राहावं, तर म्हाताऱ्या बापाला गावाबाहेर धाडायला हो म्हणणारी मुलगी ठरायचं. खरं सांगावं, तर रोजच्या फोनचं काय? हवापाण्याच्या, दुखऱ्या गुडघ्याच्या, आईच्या आठवणींच्या त्या सगळ्या गप्पा ते भिंतीशी मारत होते, असंच सांगायचं ना त्यांना? तिला स्वतःची शरम वाटली. अशी शरम तिला फार वर्षांत वाटली नव्हती.

ती बाहेर आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “बाबा, मी ऐकत नव्हते. गेम खेळत होते. रोजच खेळते.”

दत्तात्रयराव सुतळीची गाठ मारत होते. ती त्यांनी पुरी मारली.

“ठाऊक आहे मला. टुंग टुंग ऐकू यायचं की. मी थांबायचो. म्हटलं, हिचं होऊ दे, मग बोलू. पण लगेच दुसरं सुरू व्हायचं.”

“मग इतकी मोठी गोष्ट अशी का विचारलीत? घरी बोलावायचं, रागवायचं.”

“दोन-तीनदा विचारलं गं. वाटलं, एकदा तरी म्हणशील, ‘बाबा, काय म्हणालात?’”

सुनीती मटकन खोक्यावर बसली. “तिकीट रद्द करा. माझ्याकडे चला नोएडाला. बिल्कुल खेळणार नाही मी. आत्ता काढून टाकते.”

“नको. लतिकानं खोली रंगवून ठेवलीय. शब्द दिलाय तिला.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. “चलो, चहा टाकतो. पातेलं बाहेरच ठेवलंय.”

चहा पिताना ते खुलले. लतिकाच्या घराबद्दल सांगू लागले. सुनीती पदर मांडीवर घट्ट धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. एक शब्द निसटू द्यायचा नव्हता तिला.

“मागे छोटी बाग आहे. तुझ्या आईला तिथला तो चाफा इतका आवडायचा, की एकदा तिनं…”

पर्समध्ये फोन टुंग करून वाजला. खेळाची आठवण होती ती, पुन्हा खेळायला या म्हणणारी.

दत्तात्रयराव बोलता बोलता थांबले. कप हातात तसाच धरून, पर्सकडे पाहत, सवयीनं वाट बघत राहिले.

“बोला ना, बाबा,” सुनीती कशीबशी म्हणाली.

“झालं का तुझं?” त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं.