अकरा नंबरचं पान

लग्न झालं की बाईचं नाव माहेरच्या नोंदीतून निघून नवऱ्याच्या गावच्या नोंदीत जातं. मग ती राहो कुठंही, मत द्यायला त्या गावीच जायचं. लेबनॉनचा हा कायदा अर्शालुइसला चाळीस वर्षांत कधी टोचला नव्हता. यंदा टोचला. धाकटा भाऊ नझारेत बैरूतमधून आर्मेनियनांच्या राखीव जागेसाठी उभा होता, आणि सख्ख्या बहिणीचं मत मात्र तिकडे डोंगरात, सासरच्या ऐन लोज गावाला.

"ताई, विधवेला नाव माहेरी परत आणता येतं," तो म्हणाला. "जागा आपली, पण मत देणार सगळ्या जमाती. त्यांना चालेल तो आपला पुढारी! गेल्या खेपेला, दाजी होते तेव्हा, तीन मतांनी पडलो. आपल्या आळीतल्या चौघी तुझ्यासारख्याच सासरी नोंदलेल्या, नाहीतर आलो असतो."

आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं. त्याच्यासाठी एवढं करायचं नाही तर कुणासाठी? अर्ज घेऊन ती ऐन लोजला गेली.

गावचे दाखले देणाऱ्या म्हाताऱ्या मुखत्यारानं आधी कॉफी पाजली, मग वही उघडली. अकरा नंबरचं पान. सासऱ्याच्या, सासूच्या, नवऱ्याच्या म्हणजे शिब्लीच्या नावावर लाल रेघ. खाली एकटी ती. मूलबाळ झालंच नव्हतं.

"वहिनी, तुम्ही गेलात की हे पान बंद," तो म्हणाला. "शिब्लीचं घर गावातून उठलं म्हणायचं. सही इथं करा."

तिनं पेन उचललं आणि खाली ठेवलं. परजातीची, आर्मेनियन बायको केली म्हणून ज्यानं बापाचा सहा वर्षं अबोला सोसला, त्याचं घर तिनंच बंद करायचं? ते तिच्यानं होईना. सही न करताच ती परतली.

नझारेतला सांगताना तिची मान वर होत नव्हती.

"दाजी गेले तरी माझ्या आड येतातच," तो म्हणाला. मतदानाच्या दिवशी मात्र त्यानंच तिला ऐन लोजला जायला आपली गाडी दिली.

निकाल लागला. दुसऱ्या आर्मेनियन उमेदवारापेक्षा एकेचाळीस मतं कमी. अर्शालुइस मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

"पडलो मी, आणि रडतेस तू?"

"एका मतानं नाही ना पडलास," ती त्याच्याच प्रचाराच्या रुमालानं डोळे पुसत म्हणाली. "महिनाभर झोप नव्हती रे मला."

नझारेत तिच्या शेजारी फरशीवर बसला.

"एकेचाळीस मतांनी पडलो म्हणून खूश झालेलं अख्ख्या बैरूतमध्ये एकच माणूस," तो म्हणाला, "आणि तेही माझ्या मतदारयादीत नाही."