ओले कापलेले केस

शिझुहोला तिसऱ्यांदा नापास करायचंच, हे कुरामोची मॅडमनी बहुतेक सकाळी दात घासतानाच ठरवलं असावं. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून त्या आरशाशेजारी बसल्या होत्या, बिळाशी मांजर बसते तशा.

"चाळीस मिनिटं. आणि या वेळी रडू नकोस, फरशी ओली होते."

"मागच्या वेळी रडले नव्हते मॅडम. घाम होता."

"डोळ्यांतून येतो वाटतं तुमच्याकडे घाम!"

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या कुरामोची मॅडमच्या या सलूनचा नियम लोखंडासारखा होता. परीक्षेत पास झाल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या केसांना कात्री लावायची नाही. तीन वर्षं शिझुहो नुसती डोकी धूत होती आणि रोज दुकान उघडायच्या आधी सरावाच्या बाहुल्यांच्या डोक्यांवर हात साफ करत होती. आज नापास, तर पुन्हा फेस आणि टॉवेल.

परीक्षेला जिवंत डोकंही आपलं आपणच शोधून आणायचं. तिनं स्टेशनसमोर वीस मुलींच्या विनवण्या केल्या, तेव्हा कुठे अकरावीतली त्सुगुमी तयार झाली. तिचे केस खांद्याच्या खाली, काळेभोर, खराट्याच्या काड्यांसारखे सरळ. मॅडमनी दिलेल्या चित्रात होता आखूड कट, टोकं विस्कटलेली, भरपूर टेक्स्चर. केस ओले करायचे, कापायचे, वाळवायचे, मग दातेरी कात्रीनं विरळ करून टोकं मोकळी सोडायची. बाहुलीवर शंभर वेळा झालेलं काम.

अठराव्या मिनिटाला कापणं संपलं. शिझुहोनं ड्रायर लावला. भुवईपर्यंत कापलेली झुलपं वाळता वाळता वर चढायला लागली. चढली ती थेट अर्ध्या कपाळावर! कानाजवळचे केस वळले, मागचे फुगले.

"अगं, हे काय?"

त्सुगुमी खुर्चीत आक्रसली. "ताई, माझे केस मुळात कुरळे आहेत. आई स्ट्रेटनिंग करून आणायची. शाळेत कुरळे चालत नाहीत ना. जन्मजात असले तर दाखला लागतो, लहानपणीच्या फोटोसकट. आईला त्याची लाज वाटते. गेले आठ महिने ते बंद आहे, मुळाकडून कुरळेच वाढलेत, म्हणून मीच रोज सकाळी केसांची इस्त्री फिरवते."

म्हणजे सरळ होतं ते सगळं जमिनीवर पडलं होतं आणि डोक्यावर राहिलं होतं फक्त खरं.

कुरामोची मॅडम खदाखदा हसल्या. "मुळं बघितली नाहीस? बाहुल्यांना मुळंच नसतात, तू तरी काय करणार बिचारी! घे इस्त्री, दाब चपटं. गुण मिळतील."

शिझुहोनं इस्त्री उचलली. आरशात त्सुगुमीनं डोळे मिटून घेतले, सवयीनं, रोज सकाळी मिटत असेल तसे.

शिझुहोनं इस्त्री खाली ठेवली. दातेरी कात्रीही ठेवली. साधी कात्री घेतली आणि वाळलेल्या केसांची एकेक बट बोटाला गुंडाळून, ती कुठे वळते ते बघून, तिथेच कापायला लागली.

"चित्रात हे नाहीये."

"चित्रातली मुलगी खुर्चीत नाहीये मॅडम."

"तोंड फार सुटलंय!"

"तीन वर्षं बंदच होतं."

चाळीस मिनिटं संपली. स्टॉपवॉच किंचाळलं, तरी तिचा हात थांबला नाही. एकावन्नाव्या मिनिटाला तिनं बोटांवर चिमूटभर केसांचं मेण चोळलं आणि केस मुठीत हलकेच चुरगळले. कपाळावरच्या आखूड बटा आता मुद्दाम तशाच कापल्यासारख्या उभ्या होत्या, अगदी भांडायला निघालेल्या.

त्सुगुमीनं डोळे उघडले. कपाळावरची एक बट ओढून सोडून बघितली. मग म्हणाली, "उद्या शाळेत बोंब होणार. होऊ दे. दाखला मीच मागते."

"नापास," मॅडम म्हणाल्या. "अकरा मिनिटं जास्त. चित्राशी संबंध नाही. मुळं तपासली नाहीत. पुढच्या महिन्यात एखादं सरळ डोकं घेऊन ये."

शिझुहोला वाकून माफी मागायची होती, नेहमीसारखी. मान वाकलीच नाही. "पुढच्या महिन्यातही हिलाच आणेन."

मॅडम उठल्या. त्सुगुमीच्या डोक्यात बोटं खुपसून त्यांनी केस ओढून बघितले, वरून, बाजूनं, मानेजवळ. खोट सापडेपर्यंत सोडायचंच नाही असं बघत होत्या. सापडली.

"मागे जड राहिलंय. दिसत नाही, आंधळे?"

शिझुहोनं हात लावून बघितलं. खरंच जड होतं. "पण परीक्षा तर संपली."

"संपलीच! म्हणून गिऱ्हाइकाला अर्धवट घरी पाठवतेस? काप. आणि दात काढू नकोस, तुला पास कुणी केलेलं नाही."