मालक-बदल

पंकजाने शिंगाच्या बुडाशी टर्पेंटाइनचा बोळा दाबून धरला आणि वर आलेल्या अळ्या चिमट्याने एकेक करून ताटलीत टाकायला लागली. अठरापर्यंत मोजून तिने मोजणं सोडून दिलं. डावं शिंग हात लावताच हलत होतं, नाकपुडीतून रक्त ठिबकत होतं. तीन आठवड्यांपूर्वी हाच बैल हात लावू देत नव्हता. आता त्याने मान झटकायचंही सोडलं होतं.

"कापून बगा की, मॅडम," वेसण धरून उभा असलेला बाबाजान म्हणाला.

"कापायची वेळ गेली, बाबाजानभाई. कॅन्सर कवटीत उतरलाय. चारा खातो का?"

"परवापास्नं न्हाई. पानीबी न्हाई. रातभर खुट्याला डोस्कं घासतो निसता."

गोठ्याच्या मेढीला टेकून सहादेव उभा होता. बाबाजानकडे हा एक बैल, बांधापलीकडच्या सहादेवकडे दुसरा. दोघांचे मिळून एक औत. नऊ वर्षं दोन्ही रानं याच सावडीवर नांगरली गेली होती, आणि ट्रॅक्टरवाल्यांच्या थट्टेला दोघांनीही कधी भीक घातली नव्हती. हा बैल आजारी पडल्यापासून सहादेवचा बैलही दावणीलाच होता.

पंकजाने हातमोजे काढले. सरकारी दवाखान्यातल्या सहा वर्षांत गोलगोल बोलायची सवय तिला लागली नव्हती.

"हा बरा होणार नाही. सुई देऊन सोडवते त्याला. आधी गुंगीची, मग दुसरी. त्याला काही कळणार नाही. तसा दाखला मी देते. कायद्यात बसतं ते."

बाबाजानने वेसण हाताला आणखी एक वेढा घेऊन धरली.

"नगं."

"अहो, त्याचे हाल बघा."

"मला दिसत्यात हाल. तुमच्याआधीपास्नं दिसत्यात. पन माझ्या दारात नगं, मॅडम. उद्या कुनी इचारलं, बैल कशानं मेला? सुईनं. सुई कुनी बोलावली? बाबाजाननं. फुडं कायदा कोन वाचत बसतंय?"

मग तो साडूचं सांगू लागला. बैलबाजारातून विकत घेतलेला बैल साडू शेतावर आणत होता. पावती खिशात होती. तरी रस्त्यात लोकांनी टेम्पो अडवला. चौकशी झाली, साडू सुटलाही. टेम्पो अजून पोलीस ठाण्याच्या आवारात उभा आहे आणि त्याच्या टपावर गवत उगवलंय. हे सांगताना बाबाजानचा आवाज जराही चढला नाही, आणि पंकजाला त्याचाच जास्त त्रास झाला.

ती अंगणात आली आणि तालुक्याच्या वरिष्ठांना फोन लावला. ते भले गृहस्थ होते. "कायद्याने काही अडत नाही," ते म्हणाले. "पण दार कुणाचं आहे ते बघा. उद्या मी तुमच्या मागे उभा राहीन, पण मागेच." फोन ठेवल्यावर स्क्रीनवर डॉक्टरांच्या संघटनेची प्रश्नावली तशीच उघडी दिसली. सध्याचे कायदे प्राण्यांच्या वेदना कमी करण्यास पुरेसे आहेत: पूर्ण सहमत, सहमत, असहमत. सकाळी चहा पिता पिता ती भराभर खुणा करत सुटली होती. या ओळीवर मात्र तिचं बोट आता हलेना. कलम चांगलं होतं, तिला पाठही होतं. ते कुणाच्या अंगणात चालतं आणि कुणाच्या नाही, हे विचारणारा रकाना कुठेच नव्हता. तिने मोबाईल खिशात टाकला. तिला नुसता राग आला नव्हता, लाजही वाटत होती.

ती परत आली तेव्हा सहादेव खुट्याचं दावं सोडत होता.

"माझ्या दावनीला बांदतो," तो म्हणाला. "मॅडमनी तिथं येऊन काय ते करावं."

"लोकं तुला सोडत्याल व्हय, सहाद्या?"

"इचारत्याल. सांगीन, माझा बैल हुता, मी सोडवला. अर्दा तर हायेच माझा. आई चार दिस बोलायची न्हाई माझ्याशी. तेवढंच."

"पण दाखल्यावर मालकाचं नाव लागतं," पंकजा म्हणाली. "कानातल्या बिल्ल्याच्या नंबरावर नाव यांचंच येणार."

दोघेही तिच्याकडे बघत राहिले. त्यांना काय हवंय हे तिला कळलं, आणि ते खोटं आहे हेही. असल्या नोंदीपायी नोकरी गेलेला एक जण तिच्याच बॅचचा होता. बैलाने पुन्हा खुट्याला डोकं लावलं.

तिने मोबाईल काढून मालक-बदलाचं पान उघडलं. कारणं तीन होती: विक्री, वाटणी, भेट. तिने भेट निवडलं. दोघांच्या मोबाईलवर ओटीपी आले. सहादेवने आपला भडाभडा वाचला. बाबाजानने चष्मा लावला आणि एकेक आकडा थांबत थांबत सांगितला.

"शेवटचा?"

"सात," तो म्हणाला आणि वेसण सहादेवच्या हातात दिली.

बांध ओलांडून सहादेवच्या अंगणात जायला बैलाला पाऊण तास लागला. तेवढ्यात वस्तीवर बातमी पसरली आणि कुंपणाशी माणसं जमली. त्यातल्या दोघांनी शूटिंगसाठी मोबाईल वर धरले होते. बाबाजान कुंपणाबाहेर त्यांच्यातच उभा राहिला. आत पाऊल टाकायचं नाही, हे त्याने वाटेतच पंकजाला सांगून ठेवलं होतं. "मी आत आलो तर मंग हे समदं कशापायी केलं?"

दाखल्यावर सहादेवने मालक म्हणून सही केली. पंकजाने गुंगीची सुई भरली. पण इतका वेळ मेल्यागत चाललेला बैल सुईच्या वासाने की माणसांच्या गलक्याने बिथरला. त्याने दुखऱ्या शिंगासकट मान हिसडली, सहादेवचा सदरा रक्ताने भरला. दोनदा पंकजा शिरेजवळ पोचली आणि दोनदा तिला मागे सरावं लागलं. बैल दावं ताणून सारखा कुंपणाकडे ओढत होता.

"सहादेवभाऊ," बाहेरून बाबाजानचा आवाज आला. "तुमची हरकत नसंल तर डोस्कं धरू का त्याचं? जनावर बुजलंय."

सहादेवने वळून पाहिलं. नजर बाबाजानवर गेली, मग त्याच्या शेजारी वर धरलेल्या मोबाईलवर.

"धरा," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पन जपून. बैल माझा हाय."

"व्हय, मालक," बाबाजान म्हणाला आणि आत आला.

त्याने बैलाचं डोकं छातीशी घेतलं. बैल उभा राहिला. पंकजाने मानेवर बोट फिरवलं, आणि या वेळी तिला शीर लगेच सापडली.