देवीला वाट देणारा कंदील

मित्रांनो, मी जबलपूरच्या जुन्या बाजारातला एक म्हातारा कंदील. एका अरुंद गल्लीत, भिंतीतून बाहेर आलेल्या लोखंडी दांड्यावर मी लटकतो. स्वस्थ राहणं माझ्या स्वभावातच नाही. वारा आला की कुरकुरतो, खालून ऑटो गेली की थरथरतो.

ज्या लोहाराने मला घडवलं, त्याने माझा दांडा भिंतीतल्या कडीत असा बसवला, की तो दारासारखा फिरावा. दसऱ्याला देवीची मिरवणूक आली की आम्हा सगळ्या कंदिलांना भिंतीशी वळवत आणि ती पुढे गेली की पुन्हा गल्लीकडे. तेव्हा माझ्या पोटात रॉकेलची वात जळे. मग वीज आली, माझ्यात बल्ब आला आणि माझे भाऊबंद एकेक करून भंगारात गेले. मला मात्र लोकांनी जपलं. दर दिवाळीला तेलरंगाचा जाड हात! त्या रंगाने माझी कडी कधी गच्च बसली, ते कोणाला कळलंच नाही. लोक कौतुक करत आणि मी आतल्या आत तळमळे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! देवीला खांद्यावर घेतलेली माणसं मला चुकवण्यासाठी समोरच्या मोकळ्या भिंतीला घासत, तिला तिरकी करून नेत. मला फार लाज वाटे.

यंदा ठरलं, की बाजाराला जुनं रूप द्यायचं आणि गल्लीभर माझ्यासारखे कंदील लावायचे. त्यांचा नमुना करायचं काम शहरातल्याच विजय नगर भागातल्या प्रणोती या कारागीर मुलीला मिळालं. शिडीवर चढून तिने माझी टोपी, काचा, दांड्याची नक्षी, सगळं मापलं. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून दुधी काच निवडली. मी मनात ओरडत होतो, "अगं, मला एकदा ढकलून तर बघ!" पण कंदिलाचं ऐकतो कोण? तिने केलेला नवा कंदील देखणा होता. तो तिने समोरच्या भिंतीत पक्का बसवला आणि माझा जीव टांगणीला लागला.

नवरात्र तोंडावर आलं, तसे देवीच्या मंडळाचे नीलकंठभाऊ मिरवणुकीचा मार्ग बघायला आले. उंच बांबूला देवीच्या मखराच्या रुंदीएवढी आडवी काठी बांधून ते दरवर्षी गल्लीतून फिरवतात. काठीचं एक टोक माझ्यावर आपटलं, दुसरं नव्या कंदिलावर.

"प्रणोतीदीदी, हे काय करून राहिल्या तुम्ही? देवीला काहून अडवता?"

"भाऊ, हा फक्त नमुना आहे. मी काहीतरी करते ना."

"आज एक आहे, उद्या गल्लीभर लावाल. चलो, दोन्ही उतरवा. आम्हाला कंदीलच नको."

प्रणोतीचे डोळे भरून आले. मला उतरवायला ती स्वतःच शिडीवर चढली. रंगाखाली स्क्रू सापडेनात, म्हणून ती सुरीने खरवडू लागली. थरामागून थर निघाले आणि आत माझी कडी दिसली. तिचा हात थांबला. तिने कडीत तेल सोडलं, दोन्ही हातांनी मला रेटलं. कर्र! कितीतरी वर्षांनी मी वळलो आणि भिंतीला जाऊन टेकलो.

"अच्छा! हा तर फिरतो!" ती हसतही होती आणि डोळेही पुसत होती. "भाऊ, इतके दिवस मी याची मापं घेऊन राहिले, पण एकदा हलवून नाही पाहिलं."

"नवेही असेच फिरतील?"

"फिरतील. नाही फिरले तर मीच उतरवीन."

"मग लावा. पण दसऱ्याच्या आत!"

दसऱ्याच्या आत गल्लीभर कंदील लागले. मिरवणूक आली तेव्हा दुकानदारांनी आपापल्या दारावरचा कंदील भिंतीशी वळवला. मला प्रणोतीने वळवलं. तोंड भिंतीकडे, त्यामुळे मला देवी दिसली नाही. पण भिंतीला काही घासल्याचा आवाज आला नाही. ती गल्लीच्या मधून, सरळ गेली.

मित्रांनो, दिवाळीला रंगाचा डबा घेऊन याल, तर जरूर या. पण आधी कडीत तेल घाला आणि मला थोडं हलवून बघा. मला अजून पुष्कळदा देवीला वाट द्यायची आहे.